सोन्याच्या ड्रायव्हरपासून आबेंच्या पटरपर्यंत : जपान-अमेरिकेचं पुढे काय?

आइचीकर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो. आज रविवार, बाहेर २०२५ च्या डिसेंबरची बोचरी थंडी आणि बायको-मुलं बाजारात, म्हणून मुहूर्त लागला.

मी आइची प्रांतात राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे (कुठल्या ते विचारू नका). आमच्याकडे दिवसाची सुरुवात चोरेइने होते, म्हणजे सगळ्यांनी उभ्या-उभ्या करायची सकाळची मीटिंग. यंदा ३ एप्रिलला आमचे काचो, म्हणजे साहेब, रोजच्यासारख्या सूचना वाचत होते. हातमोजे घाला, जिन्यात कठडा धरा. मग कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि त्याच सुरात म्हणाले, "आज दुपारपासून अमेरिकेला जाणाऱ्या गाडीवर साडेसत्तावीस टक्के." म्हणजे अमेरिकेचा आयातकर; आदल्या दिवसापर्यंत तो अडीच होता. कोणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांनी बोट पुढे करून नेहमीचं "योशी!" म्हटलं आणि आपापल्या मशीनवर गेले. मला आपल्याकडचं युनियनचं गेट आठवलं. आपल्याकडे निदान चहा तरी दोनदा झाला असता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी उजळणी करतो. आकाझावा नावाचे मंत्री वॉशिंग्टनच्या खेपा घालत राहिले. २० जुलैला पंतप्रधान इशिबांचं वरिष्ठ सभागृहातलं बहुमत गेलं (कनिष्ठमधलं आदल्या ऑक्टोबरातच गेलं होतं) आणि दोनच दिवसांत ट्रम्पनी करार जाहीर केला. १५ टक्के कर, बदल्यात जपानची ५५० अब्ज डॉलरची गुंतवणूक. ७ सप्टेंबरला इशिबांनी राजीनामा जाहीर केला. ऑक्टोबरात तकाइची सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्ष झाल्या आणि मित्रपक्ष कोमेइतोने २६ वर्षांचा संसार मोडून घर सोडलं. मग इशिन पक्षाचा पाठिंबा घेऊन २१ तारखेला त्या जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. आठवड्याभरात ट्रम्प टोकियोत हजर. तकाइचींनी त्यांना माजी पंतप्रधान शिंझो आबेंचा पटर (गोल्फची काठी) भेट दिला. आबेंनी स्वतः २०१६ साली ट्रम्प टॉवरमध्ये जाऊन सोनेरी ड्रायव्हर (तीही गोल्फची काठीच) दिला होता, त्याचीच ही पुढची ओळ.

इथल्या टीव्हीवर चार दिवस त्या पटरचीच चर्चा. माझं म्हणणं असं, की गोल्फच्या काठ्या सोडा, कागद बघा. ४ सप्टेंबरला सही झालेला गुंतवणुकीचा कागद कोणी वाचलाय का? प्रकल्प निवडणार अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष त्यांचेच वाणिज्यमंत्री. निवड कळवल्यावर जपानने कामाच्या ४५ दिवसांत पैसे उभे करायचे. ठरलेली रक्कम वसूल होईपर्यंत नफा निम्मा-निम्मा, नंतर ९० टक्के अमेरिकेचा. पैसे दिले नाहीत तर कर परत वाढवायची मुभा. मुदत १९ जानेवारी २०२९, म्हणजे ट्रम्प खुर्चीवरून उतरतात त्याच्या आदल्या दिवसापर्यंत!

दोन्हीकडे राजकारण इतकं हलत असताना हे संबंध पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठे जातील? तुम्हाला काय वाटतं?

---

खडूस

मानपान कमी पडलं तर वरात माघारी. यात नवीन काय?

---

सदाशिव_पेठी

आइचीकर, धागा छान. पण तुम्ही तरुण लोक दर वेळी "आता सगळं बदललं" म्हणता, म्हणून जरा जुनं उकरतो.

१९८७ साली एका व्यापारी शिष्टमंडळाबरोबर दुभाषा म्हणून मी टोकियोत होतो. हॉटेलच्या टीव्हीवर एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. अमेरिकेचे काँग्रेस सदस्य संसदेच्या हिरवळीवर हातात घण घेऊन तोशिबाचा रेडिओ फोडतायत. तोशिबाच्या उपकंपनीने सोव्हिएत संघाला पाणबुडीचे पंखे कातायची यंत्रं विकली होती, त्याचा राग. आमच्या यजमानांपैकी एक वयस्कर गृहस्थ हातातली चहाची वाटी खाली न ठेवता पाहत होते. मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "रेडिओ चांगला होता." विषय संपला.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या एका बिल्डरने तीन मोठ्या अमेरिकी वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली. जपान आपल्या जिवावर फुकट संरक्षण घेतो आणि पैसा कमावतो, असा मजकूर. बिल्डरचं नाव डोनाल्ड ट्रम्प. म्हणजे हे आजचं नाही, अडतीस वर्षांचं दुखणं आहे.

त्याच्याही मागे जा. १९७१. निक्सनने १५ जुलैला चीनला जाणार म्हणून जाहीर केलं, जपानला जेमतेम काही मिनिटं आधी कळवलं. बरोबर महिन्याने, १५ ऑगस्टला, डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. तारीख पाहा, जपानच्या शरणागतीचा दिवस. तेव्हाचे पंतप्रधान सातो एइसाकुंची अवस्था काय झाली असेल! तरी पुढच्या मे महिन्यात ओकिनावा जपानला परत मिळालंच. त्यामुळे माझं भाकीत साधं आहे. जपान मान खाली घालतो, गिळतो आणि कारखाना तिकडे नेतो. १९८१ मध्ये वर्षाला १६.८ लाख गाड्यांची मर्यादा "स्वखुशीने" घालून घ्यावी लागली, पुढच्याच वर्षी होंडा अमेरिकेत ओहायोत गाड्या बनवायला लागली.

---

आइचीकर

काका, "रेडिओ चांगला होता" हे मी उद्या काचोंना सांगणार :)

पण एक फरक आहे. तेव्हा समोर सोव्हिएत संघ होता आणि जपानच्या शेजारी दुबळा चीन. आता गिळायचं म्हटलं तरी पोटात जागा पाहिजे. यंदाच्या वर्षाला करामुळे १.४ लाख कोटी येनचा फटका बसेल असा टोयोटाचा स्वतःचाच अंदाज आहे. टोयोटा ते सोसेल. तिला भाग पुरवणारे, त्यांना पुरवणारे आणि त्यांच्याही खालचे, बारा कामगारांचे कारखाने काय करणार? माझ्या घरामागे त्याहूनही छोटा एक आहे. म्हातारा-म्हातारी आणि एक व्हिएतनामी मुलगा. ते काही ओहायोला जात नाहीत.

---

मिशिगनची_मावशी

इथली बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते. मी पस्तीस वर्षं डेट्रॉईटच्या बाजूला आहे. १५ टक्क्यांचा करार झाला तेव्हा इथल्या मोठ्या तीन कंपन्या खूश नव्हत्या, उलट चिडल्या होत्या. कारण सरळ आहे. जपानहून अख्खी गाडी १५ टक्क्यांत येणार आणि कॅनडा-मेक्सिकोत जोडलेल्या यांच्याच गाड्यांना २५ टक्क्यांचा चटका. शेजारच्या रिटायर्ड ऑटोवर्करला विचारलं तर तो म्हणाला, मग आपण जिंकलो कोण म्हणतं?

अजून एक. मी आले तेव्हा लोक अजून व्हिन्सेंट चिनची गोष्ट सांगायचे. १९८२, जपानी गाड्यांवरचा राग टिपेला. दोन गोऱ्या माणसांनी, त्यातला एक गाडीच्या कारखान्यातला सुपरवायझर, त्या पोराला बेसबॉलच्या बॅटने मारलं. तो चिनी वंशाचा होता, जपानीसुद्धा नाही. शिक्षा तीन वर्षं प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. सदाशिव पेठीकाका म्हणतात ते "गिळलं" वगैरे सरकारांचं झालं. रस्त्यावर त्याचा हिशेब वेगळा असतो, तो देशी लोकांनीही लक्षात ठेवावा.

आता मात्र इथे जपानबद्दल राग जवळजवळ नाहीच. जपानच्या निप्पॉन स्टीलने यूएस स्टील घ्यायचं ठरवलं तेव्हा बायडेननी जानेवारीत अडवलं आणि ट्रम्पनी जूनमध्ये सरकारला सोनेरी हिस्सा (मोठ्या निर्णयांवर नकाराधिकार देणारा शेअर) ठेवून जाऊ दिलं. पिट्सबर्गकडच्या कामगारांतही बरेच जण सौद्याच्या बाजूने होते, युनियनचे पुढारी विरोधात असूनही. म्हणजे पक्ष कुठला आहे त्यावरून जपानशी कसं वागतील हे सांगता येत नाही. हेच मला जास्त घाबरवतं.

---

तर्कटराव

सगळे गाड्या-गाड्या करताय. मुद्दा तैवानचा आहे.

७ नोव्हेंबरला तकाइची संसदेत बोलून गेल्या, की चीनने युद्धनौका घालून तैवानवर बळ वापरलं तर ती जपानच्या अस्तित्वाला धोका देणारी स्थिती ठरू शकते. २०१५ च्या कायद्यात नेमका हाच शब्द आहे, तो लागू झाला की जपानी सैन्य मित्राच्या मदतीला उतरू शकतं. आधीचे पंतप्रधान हे मुद्दाम धूसर ठेवत. चीनने आठवड्यात आपल्या पर्यटकांना जपानला जाऊ नका सांगितलं, मासळीची आयात पुन्हा थांबवली, आणि ६ डिसेंबरला ओकिनावाजवळ चिनी विमानांनी जपानी विमानांवर रडार रोखलं.

आणि मोठा मित्र? २४ नोव्हेंबरला ट्रम्पचा चीनच्या शी जिनपिंगशी फोन, मग २५ ला तकाइचींशी. त्याआधी टीव्हीवर म्हणाले, आमचे बरेच मित्रदेशसुद्धा काही मित्र नाहीत, व्यापारात त्यांनीच आम्हाला चीनपेक्षा जास्त लुटलं. याला म्हणतात पाठीशी उभं राहणं! माझं स्पष्ट मत, जपानने आता आपलं आपण बघावं. अण्वस्त्रांसकट.

---

खडूस

तर्कटराव, आपण घरून लिहिताय ना? हिरोशिमाहून नाही ना?

---

आइचीकर

तर्कटराव, अर्ध्याशी सहमत. धूसरपणा घालवला हे खरं, आणि घालवताना मागे कोण आहे ते बघितलं नाही हेही खरं. गंमत म्हणजे या बाईंनी तरुणपणी अमेरिकेत एका डेमोक्रॅट खासदारबाईंच्या कार्यालयात काम केलंय. वॉशिंग्टन कसं चालतं हे त्यांना नवीन नाही.

पण "आपलं आपण" म्हणजे काय, ते जरा जमिनीवर येऊन बघा. जपानात सुमारे ५४ हजार अमेरिकी सैनिक आहेत. योकोसुकाला विमानवाहू जहाज आहे, अमेरिकेबाहेर कायम मुक्कामाला असलेलं एकुलतं एक. २०२२ च्या डिसेंबरात जपानने पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन संरक्षणावर घालायचं ठरवलं. त्यातून घेतलं काय? तर ४०० टोमाहॉक क्षेपणास्त्रं, अमेरिकेचीच. जीडीपीच्या दोन टक्क्यांचं उद्दिष्ट तकाइचींनी दोन वर्षं अलीकडे ओढलं, त्याचंही बरंचसं सामान तिकडूनच येणार. जितकं "स्वतःचं" करायला जातील तितके अमेरिकेच्या सुट्या भागांत अडकतील. सुट्या भागांच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, एकदा साचा दुसऱ्याचा घेतला की पुढची तीस वर्षं बोल्टसुद्धा त्याच्याच मापाचे लागतात.

---

कोकणी_खलाशी

गेली अठरा वर्षं जहाजावर आहे, टोकियो उपसागरात किती वेळा शिरलो त्याला गणती नाही. उरागाच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आत जाताना डाव्या हाताला आधी कुरिहामा लागतं. १८५३ साली कमोडोर पेरी काळी जहाजं घेऊन आला आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं पत्र देऊन गेला, ते हेच गाव. आज तिथे त्याच्या नावाची बाग आणि दगडी स्मारक आहे. ज्याने तोफा दाखवून दार उघडायला लावलं त्याचं स्मारक! मला आपल्याकडचे उतरवलेले पुतळे आठवले.

आणि थोडं पुढे गेलं की योकोसुका. पेरीपासून अमेरिकी नौदलाच्या तळापर्यंत बोटीने फार वेळ लागत नाही. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन हे विमानवाहू जहाज परत आलं, पुढच्या खेपेला आम्ही ते लांबून पाहिलं. आमचा कॅप्टन फिलिपिनो. तो म्हणाला, "आमच्याकडून यांना घालवलं १९९२ ला, आता परत बोलावतोय." सुबिक बे या तिथल्या जुन्या अमेरिकी तळाबद्दल बोलत होता. पुढे काय होणार ते मला कळत नाही, पण समुद्रावरून बघितलं तर हे लोक जायला आलेले वाटत नाहीत.

---

पायाला_भिंगरी

खलाशीदादांनी समुद्रावरून सांगितलं, मी टेकडीवरून सांगते. मार्चमध्ये ओकिनावाला गेले होते. गिनोवान शहरात काकाझू नावाची टेकडी आहे, १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथे भयंकर लढाई झाली. आता वर मुलांची घसरगुंडी आहे आणि एक बघायचा मनोरा. मनोऱ्यावरून फुतेन्मा या अमेरिकी तळाची धावपट्टी सरळ खाली दिसते. रांगेत ऑस्प्रे (सरळ वर उठणारी लष्करी विमानं) उभे, आणि कुंपणाला चिकटून घरं, शाळा, विद्यापीठ. त्याच विद्यापीठाच्या आवारात २००४ साली हेलिकॉप्टर कोसळलं होतं. तिथे एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. ऑस्प्रे उठला की नातू कान झाकायचा, आजी झाकायच्या नाहीत. सवय.

जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर अमेरिकेच्या तळांची ७० टक्के जागा आहे. १९९५ मध्ये तीन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला, बेट पेटून उठलं. १९९६ मध्ये ठरलं, पाच ते सात वर्षांत फुतेन्मा परत. आज २०२५ संपत आलं. पर्यायी तळ हेनोकोला बांधतायत, तिथला समुद्रतळ इतका मऊ की जपानी वर्तमानपत्रं त्याला मेयोनीज म्हणतात, त्यात सत्तर हजारांवर वाळूचे खांब ठोकायचेत. २०१९ च्या सार्वमतात ७२ टक्के लोक भरावाच्या विरोधात. पंतप्रधान हातोयामांनी २००९ मध्ये बेटाबाहेर तळ हलवू म्हणून लोकांना सांगितलं, ओबामांना "विश्वास ठेवा" म्हणाले आणि पुढच्या जूनला घरी गेले.

आइचीकर, तुम्ही कागद बघा म्हणता. त्या कागदावर सही करताना ओकिनावाला कोणी विचारलं होतं का, हाही प्रश्न धाग्यात असू द्या.

---

आइचीकर

पटलं. खरं सांगायचं तर मी धागा लिहिताना ओकिनावाचा विचारच केला नव्हता. इथले मुख्य बेटांवरचे लोकही करत नाहीत. माझ्या ऑफिसात ओकिनावाचा एक मुलगा आहे. तळांचा विषय निघाला की तो हसून सिगारेट ओढायला जातो.

आणि त्यावरूनच दुसरा कागद. तळांचा खर्च जपान किती उचलणार, त्याचा पाच वर्षांचा करार ३१ मार्च २०२७ ला संपतोय. आत्ता वर्षाला साधारण २११ अब्ज येन. त्यात तळावरच्या जपानी कामगारांचे पगार, वीज-पाणी, सरावाची साधनं असं सगळं येतं. इथे त्याला "ओमोइयारी योसान" म्हणतात, म्हणजे आपुलकीचा अर्थसंकल्प. १९७८ पासून चालू आहे. आपुलकीची पावती दर पाच वर्षांनी फाडायची! येतं वर्ष त्याच्या बोलण्यांत जाणार. ट्रम्प मार्चमध्ये म्हणालेच होते, आम्ही जपानला वाचवायचं, त्यांनी आम्हाला वाचवायची गरज नाही, असला करार करतं कोण? १९६० च्या जपान-अमेरिका संरक्षण कराराच्या दहाव्या कलमाप्रमाणे १९७० नंतर कोणीही वर्षभराची नोटीस देऊन बाहेर पडू शकतो. पंचावन्न वर्षांत कोणी दिली नाही. मला वाटतं यापुढेही देणार नाहीत, फक्त आकडा फुगत जाईल आणि तो फुगवताना दर वेळी नोटिशीची आठवण करून देतील.

---

वडगावचा_बंड्या

आणि यंदा २०२५ मध्ये आपल्यावर ५० टक्के लावले त्याचं काय? जपानला १५ आणि आपल्याला ५०! मोदींनी पण पटर द्यायला हवा होता काय?

---

संपादक

भारतावरच्या करासाठी वेगळा धागा आहे, तिथे आधीच २१२ प्रतिसाद आणि तीन भांडणं आहेत. कृपया तिकडे.

---

नूतन_निशिकासाई

एवढं मोठं मोठं चाललंय, मी आपली तांदळाचं बोलते.

आम्ही टोकियोत निशि-कासाईत, इथे देशी दुकानात सोना मसुरी मिळतो. पण पोरांना शाळेमुळे जपानी भातच लागतो, वरणावरसुद्धा. या वसंतात पाच किलोची पिशवी ४२०० येनपर्यंत गेली, आदल्या वर्षीच्या दुप्पट. कृषिमंत्री म्हणाले, मी कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, समर्थक देतात! गेली खुर्ची. मग नवे कृषिमंत्री कोइझुमींनी सरकारी साठ्यातला जुना तांदूळ काढला, लोक सकाळपासून रांगेत. मी पण उभी होते, थर्मासमध्ये चहा घेऊन. त्याच दिवसांत आमच्या सुपरमार्केटात कॅलिफोर्नियाचा तांदूळ आला. पुढची जपानी बाई पिशवी उलटीसुलटी करून बघत होती, मला म्हणाली, "तुम्ही खाल्लाय का हा?" जन्मात पहिल्यांदा जपानी बाईने मला भाताबद्दल विचारलं!

जुलैच्या करारात अमेरिकी तांदळाची आयात ७५ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, पण एकूण करमुक्त कोट्याच्या आतच, म्हणजे शेतकऱ्यांना सांगायला तोंड राहिलं. पण भात महागला तो राग निघाला कुठे? त्याच जुलैत "जपानी आधी" म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाला १४ जागा. आता परदेशी लोकांचं वेगळं खातं आलंय. आमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या खोलीत नवीन पाटी लागलीय, फक्त इंग्रजीत. आधी जपानीत असायची, सगळ्यांसाठी.

आइचीकरदादा, तुम्ही विचारलंत संबंध कुठे जातील. ते लोक एकमेकांत भांडले की दोघंही बाहेरच्यावर घसरतात, माझं तेवढंच निरीक्षण.

---

सदाशिव_पेठी

नूतनताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझं आधीचं भाकीत मीच जरा मागे घेतो. १९७१ ला आणि ८७ ला जपानात एकच पक्ष घट्ट बसलेला होता, म्हणून गिळता आलं. आता पाच वर्षांत चौथा पंतप्रधान, मित्रपक्ष नवा कोरा. इशिबांनी जुलैत फुनाबाशीच्या प्रचारसभेत "आम्हाला कमी लेखाल तर खपवून घेणार नाही" अशा अर्थाचं सुनावलं आणि हरले. अमेरिकेला सुनावून मतं मिळत नाहीत आणि नमतं घेऊनही मिळत नाहीत, अशी परिस्थिती मी तरी पाहिली नव्हती. पंतप्रधान किशींनी १९६० मध्ये संरक्षण करार रेटला आणि खुर्ची गमावली, पण करार राहिला. किशींच्या नातवाच्या, म्हणजे आबेंच्या पटरवर आज राजकारण चाललंय.

---

तर्कटराव

काका, म्हणजे मी म्हणत होतो तेच ना?

---

सदाशिव_पेठी

नाही.

---

आइचीकर

:D

काका, अजून एक हुकमाचा पत्ता राहिला. मे महिन्यात इथल्या अर्थमंत्र्यांनी सहज म्हणून टाकलं होतं, आमच्याकडे अमेरिकेचे कर्जरोखे आहेत, तोही एक पत्ता आहे. एक लाख कोटी डॉलरच्या वर, परदेशांत सर्वांत जास्त. दोन दिवसांत सारवासारव केली, विकायचा विचार नाही म्हणून. पण बोलून गेले ते गेले. चोरेइमध्ये आमचे काचोही कधीकधी असं करतात, पगारवाढीबद्दल अर्धं वाक्य बोलतात आणि कागद खिशात टाकतात.

बाकी काल घरामागच्या कारखान्यातल्या आजोबांना विचारलं, कसं चाललंय? म्हणाले, सप्टेंबरात कर १५ टक्के झाल्यापासून ऑर्डरी सावरल्या, पण दर उतरवून मागतायत. व्हिएतनामी पोराचा व्हिसा मार्चमध्ये संपतो. त्याचं नूतनीकरण होतंय का, ते मी इथे कळवीन.

---

कोकणी_खलाशी

कळवा. फेब्रुवारीत नागोयाला लागतोय, भेटू.